साहेब, आधी गावाला फोन करा: महाराष्ट्र पोलिसांना एक खुलं पत्र

प्रति,
मा. पोलीस महासंचालक, महाराष्ट्र राज्य
आणि राज्यातल्या पोलीस स्टेशनांमध्ये बांगलादेशी शोधायची ड्युटी करणारे सगळे अधिकारी-अंमलदार

साहेब, नमस्कार.

मी ठाणे जिल्ह्यात बांधकामाची छोटी कामं घेतो. सोसायट्यांचं रिपेअरिंग, प्लास्टर, टाइल्स, वॉटरप्रूफिंग, असं. बावीस वर्षं झाली या धंद्यात. सध्या माझ्याकडे अकरा माणसं आहेत, चार लातूर-नांदेडकडची, दोन यूपीची आणि पाच पश्चिम बंगालची, मालदा आणि मुर्शिदाबाद जिल्ह्यातली. हे पत्र त्या पाचजणांमुळे लिहायला घेतलं, पण लिहिता लिहिता ते माझ्या आईच्या कागदांपर्यंत आलं, ते पुढे सांगतो.

आधी एक गोष्ट क्लिअर करतो, नाहीतर दोन ओळी वाचून कुणीतरी म्हणेल हा घुसखोरांची बाजू घेतोय. मी ती घेत नाहीये. घुसखोरी होते, या लाइनमध्ये राहून मला ते माहीत नसेल तर कुणाला असेल. पैसे घेऊन बॉर्डर पार करून देणारे एजंट आहेत, बोगस जन्मदाखले निघतात, मालेगावच्या जन्मदाखल्यांसाठी तर सरकारला जानेवारी २०२५ मध्ये एसआयटी बसवावी लागली. भारत-बांगलादेश बॉर्डर ४,०९६ किलोमीटरची आहे, मध्ये नद्या आहेत, नदीत दरवर्षी जागा बदलणारी बेटं आहेत, सगळीकडे कुंपण घालणं शक्यच नाही. सुप्रीम कोर्टाने २००५ मध्ये आसामसाठीचा, घुसखोर कोण ते ठरवायचा आयएमडीटी कायदा रद्द केला तेव्हा या घुसखोरीला सरळ बाह्य आक्रमण म्हटलं होतं. परदेशी माणसाला देशाबाहेर काढायचा सरकारचा अधिकार तर कोर्टाने १९५५ पासून मान्य केलेला आहे. तेव्हा तपासणी करा, ते तुमचं कामच आहे, आणि माझ्यासारख्या ठेकेदाराने त्यात मदत केली पाहिजे हेही मी मानतो. माझं म्हणणं एवढंच आहे की तपासणी कशी होते त्यावर एका भारतीय माणसाचं सगळं आयुष्य ठरतंय आणि ती जशी होताना मी पाहिली ती बरोबर नव्हती.

गेल्या वर्षी पावसाळ्यातली गोष्ट. मंगळवारी संध्याकाळी साडेसातच्या सुमारास माझ्या माणसांच्या खोलीवर चौघेजण आले, साध्या कपड्यात. आमचा मुख्य मिस्त्री तेव्हा स्टोव्हवर भात चढवत होता. त्याचं नाव इथे लिहीत नाही, त्याला अजून याच गावात काम करायचंय. चौघांपैकी कुणी आपलं नाव सांगितलं नाही, कुठल्या पोलीस स्टेशनचे तेही नाही, फक्त एवढं विचारलं की बंगालवाले कोण कोण, आणि त्यातल्या तिघांना गाडीत बसवलं. मोबाइल काढून घेतले. मला कळलं ते बाकीच्यांनी शेजारच्याच्या फोनवरून कळवलं म्हणून. मी नऊ वाजता पोलीस स्टेशनला पोचलो (कुठलं ते लिहीत नाही, मला कुणा एकाची तक्रार करायची नाहीये) तर तिघं पॅसेजमध्ये जमिनीवर बसलेले, चपला बाहेर काढलेल्या. ठाणे अंमलदाराला विचारलं, साहेब यांना अटक केलीये का? म्हणाले, नाही नाही, फक्त चौकशीला आणलंय. म्हटलं मग घरी नेऊ का, उद्या सकाळी मी स्वतः घेऊन येतो. म्हणाले, ते जमणार नाही.

अटक नाही, पण जाताही येत नाही. या मधल्या जागेचं काय नाव आहे ते मला आजपर्यंत कुणी सांगितलेलं नाही.

मिस्त्रीकडे कागद होते. हे लोक कागद किती जपतात ते तुम्ही बघितलं असेल, दुधाच्या रिकाम्या पिशवीत, वरून रबर लावलेलं, आत आधार, पॅन, मतदार कार्ड, आणि गावच्या जमिनीचा पर्चा. पर्चा म्हणजे आपला सातबारा समजा, बंगाली अक्षरात, त्यावर त्याच्या बापाचं नाव. एका साहेबांनी आधार बघितलं आणि म्हणाले हे तर कुणीही काढतं. त्यात त्यांची चूक नाही, आधार कायद्यातच लिहिलंय की आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नाही, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्या हायकोर्टानेही ठाण्याच्या एका केसमध्ये सांगितलंय की आधार, पॅन, मतदार कार्ड हातात आहे एवढ्यावरून कुणी नागरिक ठरत नाही. मान्य. पण मग पर्चा बघायचा ना? पर्चा कुणाला वाचताच येत नव्हता, म्हणून तो पिशवीत परत गेला आणि त्याच्याऐवजी परीक्षा सुरू झाली. एका तरुण शिपायाने विचारलं, पाण्याला तुझ्या भाषेत काय म्हणतात? मिस्त्री म्हणाला, पानी. शिपाई मागे वळून म्हणाला, बघा साहेब, बंगालचा असता तर जोल म्हणाला असता.

साहेब, हे मी नंतर चार बंगाली लोकांना विचारून खात्री केली. बंगाली हिंदू जोल म्हणतात आणि बंगाली मुसलमान पानी म्हणतात, बॉर्डरच्या दोन्ही बाजूंना. म्हणजे त्या प्रश्नाने माणसाचा देश कळत नाही, धर्म कळतो. मालदा-मुर्शिदाबादची बोली आणि पलीकडची बोली जवळजवळ एकच आहे कारण मधली रेघ १९४७ मध्ये आली, बोली त्याच्या शेकडो वर्षं आधीची. मुर्शिदाबादमध्ये तर १५ ऑगस्ट १९४७ ला पाकिस्तानचा झेंडा लागला होता आणि दोन दिवसांनी फाळणीची रेघ आखणाऱ्या रॅडक्लिफचा निवाडा जाहीर झाल्यावर तो जिल्हा भारतात आला. तिथल्या माणसाला भाषेवरून ओळखू असं कुणी म्हणत असेल तर त्याने तो नकाशा एकदा बघावा.

मग बोटांचे ठसे. मशीनवर मिस्त्रीचा अंगठा लागेना. एकदा, दोनदा, पाच वेळा, हात पुसून, ओला करून. तुम्ही कधी प्लास्टरवाल्याचा हात हातात घेऊन बघितलाय का? सिमेंटमधल्या चुन्याने कातडी खाल्लेली असते, बोटांची टोकं गुळगुळीत झालेली, थापी धरायच्या जागेवर घट्टा, आणि बाकी सगळीकडे भेगा. रेशनच्या मशीनवरही त्याचा अंगठा लागत नाही, गावाला गेला की बायकोच्या अंगठ्यावर धान्य आणतात. त्या रात्री मात्र अंगठा लागत नाही हा त्याच्याविरुद्धचा मुद्दा झाला. मी तिथे बाकावर बसलो होतो, मी म्हटलं साहेब याने तुमच्या क्वार्टर्सच्या मागच्या बिल्डिंगला प्लास्टर केलंय त्यात गेलाय याचा अंगठा. माझा आवाज चढला असेल, मला बाहेर थांबायला सांगितलं.

बुधवारी पूर्ण दिवस काहीच झालं नाही. बंदोबस्त होता, साहेब लोक तिकडे गेलेले, तिघं पॅसेजमध्येच. मी वडापाव नेऊन दिले. गुरुवारी सकाळी एक पीएसआय मॅडम आल्या, त्यांनी मला आत बोलावलं, सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला जो मंगळवारी रात्री साडेसातला विचारायला हवा होता. यांच्या गावाला पोलीस ठाणं कुठलं लागतं? मिस्त्रीने सांगितलं. मॅडमनी नंबर काढला, फोन लावला, मोडक्यातोडक्या हिंदीत दोन्हीकडून बोलणं झालं, पर्च्याचा आणि तिघांचा फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवला. चाळीस मिनिटांत तिकडून उत्तर आलं, माणसं आमच्या हद्दीतली, घरी आई आहे, भाऊ आहे, मतदार यादीत सगळ्यांची नावं. दीड वाजता तिघं सुटले. मंगळवार साडेसात ते गुरुवार दीड, बेचाळीस तास, आणि काम होतं चाळीस मिनिटांचं.

त्या मॅडमचे मी आभार मानतो, त्यांच्यामुळेच हे पत्र चिडून न लिहिता विचार करून लिहितोय. जाताना त्या म्हणाल्या, काय करणार, वरून रोज आकडा मागतात. महासंचालक साहेब, हे वाक्य तुमच्यासाठी आहे.

आता कायद्याचं. मी वकील नाही, पण त्यानंतर एका वकील मित्राकडे चार रविवार बसलो, कारण मला समजून घ्यायचं होतं की पोलिसांच्या हातात नक्की काय आहे आणि काय नाही. आधी जुना फॉरेनर्स अॅक्ट होता, १९४६ चा. तो आणि आणखी तीन कायदे जाऊन १ सप्टेंबर २०२५ पासून नवीन इमिग्रेशन अँड फॉरेनर्स अॅक्ट लागू झाला. दोन्हीत एक गोष्ट सारखी आहे, मी परदेशी नाही हे सिद्ध करायची जबाबदारी त्या माणसावर. बाकी बहुतेक ठिकाणी गुन्हा सरकारने सिद्ध करायचा असतो, इथे उलटं. आणि याच तरतुदीवर बोट ठेवून प्रत्येक पोलीस स्टेशनला सांगतात, तू दाखव, आम्ही का दाखवायचं.

पण ती तरतूद सुरू कुठून होते ते सुप्रीम कोर्टाने जुलै २०२४ मध्ये सांगितलंय. आसामच्या नलबारीची केस होती, एका माणसाला २०१२ मध्ये तिथल्या ट्रिब्युनलने, म्हणजे कोण परदेशी ते ठरवणाऱ्या न्यायाधिकरणाने, एकतर्फी परदेशी ठरवलेलं. कोर्टाने विचारलं की संशय आला तो कशावरून आला? कोर्टाचं म्हणणं असं की पोलीस उगाच कुणाचाही दरवाजा वाजवून तुझ्यावर संशय आहे, आता तू सिद्ध कर, असं म्हणू शकत नाहीत. आधी पोलिसांकडे काहीतरी ठोस आधार पाहिजे, तो त्या माणसाला सांगितला पाहिजे, मग जबाबदारी त्याच्यावर जाते. त्याच निकालात हेही आहे की कागदांमधल्या नावाच्या स्पेलिंगमधल्या, तारखांमधल्या किरकोळ फरकावरून कुणाला परदेशी ठरवू नका. त्या माणसाला कोर्टाने भारतीय ठरवलं. तोपर्यंत तो वारला होता.

स्पेलिंगचं वाचलं आणि मला माझी आई आठवली. आईचा जन्म घरात झाला, दाखला नाही. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव आणि माहेरचं आडनाव. लग्नात नाव बदललं, आपल्याकडे बदलतातच, त्यामुळे रेशन कार्डावर वेगळंच नाव. सातबाऱ्यावर तलाठ्याने एक अक्षर चुकवलंय, पॅन कार्डावर इंग्रजीत तिसरंच स्पेलिंग, आणि आधारवर जन्मतारीख १ जानेवारी, कारण आधार काढणाऱ्याने विचारलं तेव्हा तिला फक्त एवढंच सांगता आलं की मी दुष्काळाच्या आदल्या वर्षीची. उद्या तिला कुणी पॅसेजमध्ये बसवून सांगितलं की सिद्ध कर, तर माझी आई भारतीय आहे हे मी कुठल्या कागदाने सिद्ध करू? तिला कुणी बसवणार नाही हे मला माहितीये, कारण ती मराठी बोलते आणि आमचं आडनाव ओळखीचं आहे. पण हे कारण कायद्यात कुठेही लिहिलेलं नाही साहेब. संविधानाचं १४ वं कलम आणि २१ वं कलम दोन्ही व्यक्ती म्हणतात, नुसतं नागरिक म्हणत नाहीत. १९९६ मध्ये अरुणाचलच्या चकमा निर्वासितांच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने तेच सांगितलं, माणूस नागरिक असो नसो, त्याचा जीव आणि त्याचं स्वातंत्र्य सांभाळायची जबाबदारी राज्याची आहे.

अटकेचं कलम २२. कारण सांगा, वकिलाला भेटू द्या, २४ तासांत मॅजिस्ट्रेटसमोर न्या. याला दोनच अपवाद आहेत, शत्रू देशाचा नागरिक आणि प्रतिबंधक स्थानबद्धता (गुन्हा होऊ नये म्हणून आधीच अडकवून ठेवणं). तेव्हा ज्याच्यावर नुसता परदेशी असल्याचा संशय आहे तो त्या अपवादात बसत नाही. अटक कशी करायची ते सुप्रीम कोर्टाने डी. के. बसू केसमध्ये १९९६ मध्ये सांगितलं, त्याला एवढी वर्षं झाली: अटकेचा मेमो करा, त्यावर घरच्या माणसाची नाहीतर परिसरातल्या कुणा प्रतिष्ठित माणसाची सही घ्या, नातेवाइकाला कळवा, अटक करणाऱ्या पोलिसाच्या अंगावर नावाची पट्टी दिसू द्या. आता हे सगळं बीएनएसएसमध्ये, म्हणजे नवीन फौजदारी प्रक्रिया कायद्यातही आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने मुंबईच्याच एका केसमध्ये आणखी पुढे जाऊन सांगितलं की अटकेची कारणं लेखी द्या आणि त्या माणसाला समजेल त्या भाषेत द्या, लगेच शक्य नसेल तर रिमांडला नेण्याच्या निदान दोन तास आधी तरी. आणि नवीन इमिग्रेशन कायद्यात वॉरंटशिवाय अटक करायचा अधिकार हेड कॉन्स्टेबल आणि त्याच्या वरच्यांना आहे. आमच्या खोलीवर आलेल्या चौघांमध्ये तसं कोण होतं, मला आजही माहीत नाही.

यावर उत्तर काय येतं ते मी ऐकलंय. अटक केलीच नव्हती, चौकशी होती, म्हणून हे नियम लागत नाहीत. पण मग ज्याला अटकच केली नाही त्याचा फोन कसा काय काढून घेता आणि बेचाळीस तास कसं काय बसवून ठेवता? हे विचारायला कायदा शिकायला लागत नाही.

फोनबद्दल एक. मला माहितीये की फोनमध्ये ८८० ने सुरू होणारे, म्हणजे बांगलादेशचे नंबर शोधतात, रोज रात्री तिकडे फोन जात असतील तर संशय घ्यायला ते एक कारण आहे, मी तरी ते मान्य करतो. पर्च्यावरचं गाव नकाशावर नाही, गावच्या पोलिसांनी सांगितलं की असा कुणी इथे नाही, ही पण कारणं आहेत. मग ती लिहा. स्टेशन डायरीत एक ओळ, अमुक व्यक्तीवर अमुक कारणाने संशय. पाण्याला पानी म्हणाला असं कुणी डायरीत लिहील का? लिहिणार नाही, कारण लिहिताना लिहिणाऱ्यालाच कळेल. म्हणून लिहायला लावा साहेब, अर्ध्या चुका तिथेच थांबतील.

कुणी म्हणेल तुमची माणसं सुटली ना शेवटी, मग एवढं मोठं पत्र कशाला. तर जे सुटले नाहीत त्यांच्यामुळे. जून २०२५ मध्ये मुंबई-ठाणे भागात गवंडीकाम वगैरे करणारे पश्चिम बंगालचे काही कामगार इथे पकडले, तिकडे बीएसएफच्या ताब्यात दिले आणि बॉर्डरच्या पलीकडे ढकलले. त्यातला एक मीरा रोडला काम करणारा, मुर्शिदाबादचा. घरच्यांनी आणि बंगालच्या अधिकाऱ्यांनी कागद पाठवले होते असं तेव्हा बातम्यांत आलं, पण कागद वाचले जायच्या आत माणूस पलीकडे गेलेला. नंतर दोन्ही देशांच्या जवानांची फ्लॅग मीटिंग होऊन त्यांना परत आणावं लागलं. त्याच महिन्यात दिल्लीत बीरभूमच्या एका गरोदर बाईला नवऱ्यासकट आणि लहान मुलासकट पकडून पाठवून दिलं. पोलिसांचं म्हणणं ती १९९८ मध्ये भारतात घुसली, आणि तिच्या आधार-पॅनवर जन्मसाल २०००. म्हणजे जन्माच्या दोन वर्षं आधी घुसली. कलकत्ता हायकोर्टाने सप्टेंबरमध्ये तिची हकालपट्टी रद्द केली, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, आणि डिसेंबरमध्ये ती बाई आणि मुलगा परत आले. गरोदरपणाचे ते महिने तिने परक्या देशात काढले, त्यातला बराच काळ तिथल्या तुरुंगात, कारण त्या देशाच्या नजरेत तीच घुसखोर होती.

आणि आपल्याकडे हे पहिल्यांदा होत नाहीये. १९९८ च्या जुलैमध्ये मुंबई पोलीस काही बंगाली जरीकामगारांना बांगलादेशी म्हणून ट्रेनने घेऊन चालले होते, पश्चिम बंगालमध्ये उलुबेडिया स्टेशनवर लोकांनी ती गाडी अडवली आणि त्यांना उतरवून घेतलं. त्याच्याही आधी मुंबई आणि दिल्लीतल्या वस्त्यांमधल्या मतदारांना नोटिसा गेल्या होत्या की जन्मदाखला, पासपोर्ट, नागरिकत्वाचं प्रमाणपत्र नाहीतर नागरिकत्वाच्या रजिस्टरातली नोंद दाखवा, नाहीतर यादीतून नाव जाईल. १९९५ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की असं चालणार नाही, आधीपासून यादीत नाव आहे त्याला काहीतरी वजन द्या, बाकीचे पुरावेही बघा. म्हणजे तीस वर्षं झाली, कोर्ट तेच सांगतंय आणि खालच्या पॅसेजमध्ये तेच चालू आहे.

२०१९ ची एक गोष्ट मला फार लागली. आसामात आर्मीतून रिटायर झालेला एक माणूस, रिटायर झाल्यावर आसाम बॉर्डर पोलिसात सब-इन्स्पेक्टर म्हणून लागला, म्हणजे घुसखोर शोधणाऱ्याच खात्यात. त्यालाच परदेशी ठरवून डिटेन्शनमध्ये टाकलं, दहा-बारा दिवसांनी हायकोर्टाने जामिनावर सोडलं. तुमच्यातल्या कुणाच्याही बाबतीत हे होऊ शकतं असं मी म्हणत नाही, पण वर्दी घालून देशासाठी उभ्या राहिलेल्या माणसाच्या बाबतीत ते झालंय, एवढं डोक्यात ठेवा.

केंद्रीय गृह मंत्रालयाने मे २०२५ मध्ये राज्यांना पडताळणीसाठी ३० दिवस दिलेत. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढची कारवाई. तीस दिवसांची मुदत दिली आहे ती खरोखर पडताळायला दिली आहे. माझी मागणी फार मोठी नाही. ज्या राज्याचा म्हणतोय त्या राज्याच्या ठाण्याला पहिल्या दोन तासांत फोन झाला पाहिजे आणि तो फोन डायरीत दिसला पाहिजे. पश्चिम बंगालची २००२ ची मतदार यादी निवडणूक कार्यालयाच्या साइटवर आहे, बापाचं नाव तिथे शोधता येतं, बंगाली वाचणारा एक माणूस प्रत्येक परिमंडळाला द्या, तो पर्चाही वाचेल. आमच्या मिस्त्रीचा जन्म १९८५ चा, १ जुलै १९८७ च्या आधी जो भारतात जन्मला तो जन्मानेच नागरिक आहे, आईबाप कोण ते विचारायचीही गरज नाही, आणि ही साधी गोष्ट त्या रात्री तिथे एकालाही माहीत नव्हती म्हणून ते ट्रेनिंगमध्ये आलं पाहिजे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मॅजिस्ट्रेटसमोर उभं केल्याशिवाय आणि गावाकडून लेखी उत्तर आल्याशिवाय कुणालाही राज्याबाहेर हलवू नका. परदेशी असेल तर चार दिवस उशिरा जाईल. भारतीय असेल आणि तुम्ही पाठवलं तर त्याला परत आणायला हायकोर्ट लागतं.

आकड्याचं तेवढं बंद करा साहेब. किती पकडले याच्याबरोबर किती पडताळले आणि किती जण भारतीय निघाले हेही दर महिन्याला विचारा, मग खालचा माणूस फोन उचलेल.

आमची चूकही सांगतो. १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदा होता, पाच किंवा जास्त परराज्यातली माणसं असलेल्या ठेकेदाराने प्रत्येकाला फोटो लावलेलं पासबुक द्यायचं. मी कधीच दिलं नाही, मी ओळखतो त्यातला एकही ठेकेदार देत नव्हता. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणीसाठी ९० दिवस कामाचा दाखला ठेकेदाराने द्यायचा असतो, तोही द्यायला आम्ही टाळाटाळ करतो कारण मग बाकीच्या गोष्टी अंगावर येतात. त्या रात्री माझ्या माणसांकडे माझं एक सहीशिक्क्याचं पत्र जरी असतं तरी फरक पडला असता. ते नव्हतं, याची जबाबदारी माझी आहे.

म्हणून आता एवढं केलंय. अकराही जणांची फाइल बनवलीये, लातूर-नांदेडवाल्यांची पण, कारण फक्त बंगाल्यांची बनवणं मला बरं वाटलं नाही. प्रत्येकाच्या गावचं पोलीस ठाणं, पंचायतीचा नंबर, बापाचं मतदार यादीतलं नाव, पर्चा किंवा सातबारा, पर्च्याचं मराठीत भाषांतर नोटरी करून, आणि माझ्याकडे कधीपासून कामाला आहे त्याचं पत्र. येत्या सोमवारी सकाळी अकरा वाजता मी त्या मॅडमच्या पोलीस स्टेशनला ही फाइल घेऊन जाणार आहे. तुम्ही ती तपासा, सगळ्या गावांना फोन लावा, ज्याच्याबद्दल शंका वाटेल त्याला मी स्वतः हजर करेन. मला फक्त एका कॉपीवर तुमचा शिक्का आणि आवक नंबर टाकून पोच द्या, ती मी मिस्त्रीच्या त्या पिशवीत ठेवायला देणार आहे.

आपला,
ठाणे जिल्ह्यातला एक बांधकाम ठेकेदार